नऊ नंबरचं दार

"पण येणार कोण होतं?" वसुधानं पुन्हा विचारलं.

समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या फ्राऊ नोवाकनं खांदे उडवले. "नाव नाही सांगितलं. फोन आला म्हणाल्या, तेवढंच. मी दोनदा म्हटलं, वर जाऊन बसा, गारठून जाल. तर म्हणाल्या, बेल बंद आहे, आलेलं माणूस रस्त्यात ताटकळेल."

त्या नऊ नंबरच्या इमारतीची बेल नाताळाच्या आधीपासून बंद होती. मालकाला पत्रं गेली होती, पण तो ढिम्म. कुणी येणार असलं, की दुसऱ्या मजल्यावरच्या बेहरेन्स आजींना काठी टेकत खाली येऊन दार उघडावं लागायचं. मंगळवारी दुपारी एक वाजता त्या अशाच खाली आल्या आणि दाराशी बोळकांडीत खुर्ची टाकून बसल्या. बाहेर उणे आठ. पाच वाजता फ्राऊ नोवाक कचरा टाकायला निघाली, तेव्हा आजींची मान छातीवर पडली होती. बुधवारी हॉस्पिटलातच त्यांनी प्राण सोडला.

वसुधाला हे कळलं ते थेट शनिवारी. तिच्या नवऱ्याला, शिरीषला, कायझर्सलाउटर्नच्या इन्स्टिट्यूटमधून मुलाखतीचं अचानक बोलावणं आलं, म्हणून दोघं चार दिवस तिकडे होती. जाण्यापूर्वी आजींचा निरोप तेवढा घेता आला, हेच काय ते समाधान.

कोलोनमधल्या त्या पहिल्या वर्षी तिच्याशी मायेनं बोलणारं हे एकच माणूस होतं. रस्ता ओलांडला की नऊ नंबर. आजींच्या स्वयंपाकघरात बसून ती जर्मन शिकली, कुठला कचरा कुठल्या डब्यात तेही शिकली. वसुधा चुकली की आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. अशा बाईला कुणीतरी चार तास थंडीत बसवून मारलं होतं. वसुधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सोड ना आता," शिरीष सकाळी म्हणाला होता. "आपण कोण विचारणार?"

"मीच विचारणार. म्हाताऱ्या माणसाला शब्द द्यायचा आणि फिरकायचं नाही! काय केलंय ते त्याला कळायला नको?"

ती रस्त्यानं निघाली. बंद पडलेलं चपलांचं दुकान, काचेवर पिवळे पडलेले कागद. त्यापुढे जुगाराच्या मशीनचा अड्डा. ट्रामच्या रुळांत काळं झालेलं बर्फ. माणसं मान खाली घालून चालत होती. इथे कोण कुणाची वाट बघतंय, याची कुणाला पडलेली नव्हती.

नाक्यावरच्या बेकरीतल्या बाईला मात्र आजी आठवत होत्या. "मंगळवारी साडेबाराला आल्या होत्या. सफरचंदाच्या केकचे दोन तुकडे नेले. नेहमी एकच नेतात. म्हटलं, आज काय विशेष? तर नुसत्या हसल्या. फार खुशीत होत्या हो."

दोन तुकडे! आता तिला शंकाच उरली नाही. आजी एवढ्या खुशीत येतील असं माणूस एकच होतं, वोल्फ्सबुर्गला राहणारा त्यांचा मुलगा. वर्षाला एक कार्ड पाठवून मोकळा होणारा.

ती परतली तेव्हा नऊ नंबरचं दार उघडं होतं आणि वर आजींचं घरही. आत एक पन्नाशीचा माणूस, हाच तो मुलगा, कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होता. वसुधानं ओळख सांगितली आणि तोफ डागली. "तुम्ही येतो म्हणून कळवलंत आणि आला नाहीत. त्या पाच वाजेपर्यंत खाली बसून होत्या."

त्यानं गुंडाळलेला कप खोक्यात ठेवला आणि बशी उचलली.

"मी फोन केला नव्हता," तो म्हणाला. "सहा महिन्यांत एकदाही नाही. त्याची लाज मला जन्मभर पुरेल. पण कुणी केला होता, ते मलाही हवंय." त्यानं भिंतीजवळचा फोन उचलून तिच्यापुढे धरला. "मंगळवारी एकच कॉल आलाय. बारा दहाला. हा मोबाईल नंबर."

वसुधानं छोट्या पडद्यावरचे आकडे वाचले.

"अहो, हा तर माझाच," ती म्हणाली. "पण मी यायचा प्रश्नच नव्हता. मी स्टेशनवर होते, गाडीत चढत होते. जाण्यापूर्वी नुसता निरोप घेतला."

"काय म्हणालात?"

"गाडी सुटत होती, जास्त बोलायला वेळच नव्हता. आमच्याकडे निघताना म्हणतात तेवढंच तुमच्या भाषेत म्हटलं. आल्झो, इश कोमं. येते."

त्यानं हातातली बशी खाली ठेवली.

"कधी?"