हक्कसोडपत्र

वडील गेल्यापासून बहिणीने घरातल्या वाट्याचं नाव काढलं, की थोरल्याचं एकच पालुपद असायचं, "अगं, घराची नोंदणीच नाही. साधा कागद नाही. हक्क कसला मागतेस?"

आज तोच तिच्या शिलाई मशीनपाशी स्टूल ओढून बसला होता. नोंदणी करायची होती, आणि वडिलांचं घर एकट्याच्या नावावर चढवायला तिच्या सहीवाचून गाडं अडलं होतं.

"हक्कसोडपत्र आहे. सही कर, की झालं."

तिने हातातली शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडला, मग कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि त्याच्याच मांडीवर परत ठेवला.



"दादा, हक्क सोडायचा तर तो हातात हवा. आधी दे, मग सोडायचं बघू."