भरवशाचा माणूस

सिनेटर टेरेसा वोयचिक बोलायला उभी राहिली, तेव्हा गव्हर्नर लॉयड ब्रॅनिगन पहिल्या टेबलावर बसून काट्या-सुरीने कोंबडीची तंगडी सोलत होता.

"उमेदवार मी ढिगाने बघितलेत," ती माइकवर म्हणाली. "पण आमच्या बंबवाल्यांच्या जेवणात कोंबडी काट्याने खाणारा पेनसिल्व्हेनियात कधी निवडून आलेला नाही. म्हणून लॉयडला मी सकाळीच बजावलंय, बाबा रे, हाताने खा!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. ब्रॅनिगनने काटा घाईघाईने नॅपकिनखाली सारला, तंगडी हातात धरून उंच केली आणि सॉसचा हा एवढा ओघळ टायवर सांडला. लोक हसून हसून बेजार झाले. टाळ्या पडल्या त्या टेरेसाला.

अध्यक्षपदाचा उमेदवार म्हटल्यावर असलं सगळं हसण्यावारी न्यावं लागतं. त्याने ते नेलं. पण आत जी आग पेटली होती ती काही विझेना. उपाध्यक्षपदासाठी ज्यांची नावं चाललेली असतात, त्यांना असं एकेक करून मंचावर चढवायचं, मुख्य उमेदवाराची ओळख करून द्यायला लावायची आणि लोकांच्या तोंडाकडे बघायचं. दाखवण्याचा कार्यक्रमच म्हणा ना. काल काँग्रेसमन हॅरॉल्ड टिम्सचा झाला, आज हिचा. जोडीदाराचं नाव उद्या जाहीर करायचं होतं.

टेरेसा कुणाच्या आजीची चौकशी करत, कुणाच्या पोराचं नाव घेत बोलत राहिली. ती खाली बसली तरी टाळ्या थांबेनात. मग ब्रॅनिगन उभा राहिला आणि लोकही उठले. त्याला क्षणभर बरं वाटलं. पण लोक भाजलेल्या कणसांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

त्याने घसा खाकरला आणि आपला ठरलेला विनोद काढला. पहिल्या रांगेत त्याची बायको मार्जरी बसली होती, शेजारी तिची बहीण कॉनी. "कॉलेजात नाचायला माझ्याबरोबर ही कॉनी असायची! सगळे हिच्याकडेच बघायचे, माझ्याकडे कुत्रं बघायचं नाही. पण लग्न करताना मी शहाणपणा केला. भरवशाची निवडली!" दर सभेला मार्जरी या वाक्याला लाजायची. आजही लाजली. हसले मात्र चारच जण, आणि त्यातली एक कॉनी.

निघताना गावातल्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आडवा आला. "गव्हर्नर, जरा बाजूला होता का? सिनेटरबाई नीट दिसत नाहीयेत."

बस हलली तसा सिड मार्कस समोर येऊन बसला. सगळ्या प्रचाराची सूत्रं त्याच्या हातात होती. "चला, सुटलो! टेरेसाच. ही असली तर पेनसिल्व्हेनिया आपलं, आणि पेनसिल्व्हेनिया आपलं तर व्हाइट हाउस आपलं. ही नसेल तर आपण इथेच आपटतो. तोंडावर सांगतो, गव्हर्नर."

"बाई जरा उथळ आहे, सिड."

"उथळ? खाणकामगाराची पोर, दोनदा सिनेटवर निवडून आलीये!"

"सारखी फिदीफिदी. लोकांना चार दिवस गंमत वाटते. त्यापेक्षा हॅरॉल्ड बघ."

"हॅरॉल्ड! अहो, काल हॅरॉल्ड बोलत होता तेव्हा पुढचा म्हातारा चक्क घोरत होता."

"आणि मी उभा राहिल्यावर जागा झाला!"

बोलून गेला आणि ब्रॅनिगनने जीभ चावली. सिड त्याच्याकडे बघतच राहिला.

"गव्हर्नर, आपल्याला जिंकायचंय ना?"

"जिंकायचंय रे! पण मी जिंकलो पाहिजे. ती नाही."

बसच्या पुढच्या भागात कॉनी पत्रकारांना काहीतरी सांगत होती. सगळे खिदळत होते. ड्रायव्हरसुद्धा हसत होता. मार्जरी नवऱ्याच्या शेजारी बसून ओल्या नॅपकिनने त्याच्या टायवरचा डाग घासत होती. बराच निघाला होता.

"हॅरॉल्डच," ब्रॅनिगन म्हणाला. "माणूस भरवशाचा आहे."

मार्जरीचा हात थांबला.

सिडने खांदे उडवले. "तुमची मर्जी. टेरेसाला मी कळवतो, हॅरॉल्डला फोन तुम्ही लावा. पण त्याला सांगणार काय? मलाच का निवडलं, असं तो विचारणार." उत्तराची वाट न बघता तो उठून पुढे गेला.

ब्रॅनिगनने फोन काढला आणि तसाच हातात धरून बसला. "खरंच, काय सांगू त्याला?"

मार्जरीने नॅपकिनची नीट घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"तेच सांग, भरवशाचा आहेस म्हणून," ती म्हणाली. "ऐकायला बरं वाटतं. मला तीस वर्षं वाटत होतं."