लाल दिव्याचा राऊटर

“हात नको लावू त्याला!” मंजुळा ओरडली, तशी शेजारची अर्चना दोन पावलं मागं सरली.

दांडी गावच्या त्या आळीत मंजुळाच्या राऊटरचं मोठं नाव झालं होतं. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर त्याची जागा. खाऱ्या वाऱ्यानं गंजू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीतून लुकलुकणारा लाल दिवा. बाकीच्यांच्या राऊटरला नुसते हिरवे दिवे, लाल एकट्या मंजुळाच्याच. त्याचा तिला कोण अभिमान!

“लाईट गेली की आमचा मरतो,” अर्चना म्हणाली. “तुझाच कसा गं चालतो?”

“नशीब लागतं.”

आणि ते खरंच वाटावं असं होतं. लाईट गेली की टॉवरही जायचा, आळीभर फोन मुके व्हायचे. मंजुळाच्या राऊटरचे दिवेही विझायचे, पण नेट? नेट चालूच! आत कसली तरी जबरी बॅटरी असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. हेमालीनं निवडून घेतलेली वस्तू, ती काय साधीसुधी असणार?

हेमाली म्हणजे मंजुळाची लेक, मस्कतला नर्स. दिवाळीला आली तेव्हा तिला तिसरा महिना लागला होता. जाताना राऊटर बसवून, वर्षभराचा रिचार्ज मारून गेली. बाळंतपणाला मंजुळा तिकडं जाणार कशी? निदान बाळाचं तोंड जन्मल्या जन्मल्या बघायला मिळावं, एवढीच तिची आस. आणि ती सगळी त्या फळीवरच्या डब्याच्या हाती.

कुंपणापलीकडं तिची थोरली जाऊ राहायची, रंभाबाई. विधवा, एकटी. बोंबील वाळवायच्या वलांडीचा एक बांबू हद्दीत आला, एवढ्यावरून दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मंजुळा टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला जायची तेव्हा हेमाली थोरलीच्याच मांडीवर वाढलेली. पण भांडणापुढं ते कोण आठवतं! माघात अवकाळी वादळ झालं, वलांड्या आडव्या झाल्या. अंगणात एक चपटी काळी दोरी पडलेली दिसली, ती थोरलीच्या हाती लागायच्या आत मंजुळानं ओढून घेतली आणि कोयत्यानं तोडून बोंबलांसाठी ताणली. फर्मास दोरी! खाऱ्या वाऱ्यातही कुजायचं नाव नाही.

त्या वादळानं राऊटर मात्र रुसला. मंजुळा फोन घेऊन फळीखालीच बसून राहायची. चार-पाच दिवस वाट पाहून तिचा नवरा पुंडलिक म्हणाला, “दे इकडं फोन, बघतो.” फोन घेऊन बाहेर गेला तो बऱ्याच वेळानं, मिशीला चहा लावून परतला. नेट चालू!

“अवो, केलंत काय तुमी?”

“काय नाय. जरा मोकळ्या हवेत धरला.”

मंजुळानं राऊटरला झेंडूची माळ घातली. तेव्हापासून तो एकदाही रुसला नाही.

थोरलीचं मात्र सगळंच उफराटं. टेम्पोतून इन्व्हर्टर आणला आणि लाईट गेली की ही बाई ओट्यावर बसून हातानं पंखा हलवते!

“शोभेला घेतलाय वाटतं,” मंजुळा नवऱ्याला ऐकवायची. “चिंगूस मेली.”

पुंडलिक खाली मान घालून जाळं शिवत राहायचा.

वैशाखात एके दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. अंगाची नुसती लाही. टॉवर मेलेला. दुपारी मंजुळाचा फोन वाजला. मस्कतहून जावई, मेहुल.

“आई, मुलगी झाली! बघा!”

आणि पडद्यावर ती दिसली. लालबुंद, मिटल्या डोळ्यांची. बघता बघता आळी गोळा झाली. कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेईना. पोरीनं मूठ उघडली, परत मिटली. समुद्रापलीकडं घटकेपूर्वी जन्मलेलं लेकरू, त्यानं जांभई दिली तीसुद्धा दांडीत दिसली! अर्चनानं फळीकडं वळून हात जोडले. मंजुळाच्या डोळ्यांना धार लागली होती.

सगळे आले, रंभाबाई आली नाही. घामानं निथळत ओट्यावर पंखा हलवत बसली होती. नजर इकडंच, पण उठली नाही.

“काळजाच्या जागी धोंडा हाय हिच्या,” मंजुळा म्हणाली. एवढ्या आनंदातही तिला ते लागलं.

पुढच्याच आठवड्यात आळीतल्या तक्रारी बघायला नेट कंपनीचा रामनाथ सालवडहून आला. मंजुळानं त्याला ओढतच घरात नेलं. “आमची तक्रार नाय हो. तुमी नुसतं बघा, कसा चालतो ते!”

रामनाथनं माळ बाजूला केली, पिशवी काढली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“काकी, लाल दिवा म्हणजे लाईन बंद.”

“बंद कशी? परवाच नात बघितली मी!”

तो वायरीचा माग काढत खिडकीपर्यंत गेला, तिथून मागच्या अंगणात उतरला आणि वलांडीपाशी थांबला. चपट्या काळ्या दोरीवर बोंबील वाऱ्यानं हलत होते.

“ही आमची वायर आहे, काकी. कोणी तोडली?”

मंजुळा आधी हसली. मग हसू ओठांवरच राहिलं. “मंग इतके महिने माज्या फोनात नेट येतंय कुठनं?”

रामनाथनं तिचा फोन घेतला, बोट फिरवून वायफायचं नाव वाचलं आणि कुंपणाकडं पाहिलं.

“त्या आजींकडून. वादळानंतर त्यांच्या घरी मीच नेट बसवून दिलं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, मला नवलच वाटलं. इन्व्हर्टरवर पंखाही जोडून देतो म्हटलं, तर नकोच म्हणाल्या.”

“का?”

“म्हणाल्या, पंख्यानं बॅटरी उतरंल. पोर आयशीशी बोलत असली नि मधीच तुटलं तर?”