पडद्याची दोरी आबांच्या हाती

"टीव्ही येईल, पण पडद्यासकट," थोरली सून म्हणाली. "आणि पडद्याची दोरी आबांच्या हातात."

आबा, म्हणजे तिचे सासरे, अजून प्रार्थनेच्या आसनावरच होते. संध्याकाळची मंडळी नुकतीच पांगली होती. धाकटी जाऊ चटया गुंडाळत होती.

"रोज फक्त अर्धा तास," थोरली पुढे म्हणाली. "प्रार्थना आटोपली की. मुलं शेजारी जाऊन नाही नाही ते बघतात, त्यापेक्षा घरच्यांनी मिळून चांगलं काही बघितलेलं बरं. वावगं दिसलं की आबा दोरी ओढतील."

"वावगं आहे हे आबांना कळणार कसं?" धाकटी म्हणाली. "आधी बघावंच लागेल की!"

"घरासाठी कुणीतरी सोसायला नको?"

आबांनी डोळे मिटले. "सोसू," ते म्हणाले.

थोरलीचा नवरा तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. तो कवळ्या बनवायचा. लोकांच्या तोंडाची सोय करण्यात आयुष्य गेलं, स्वतःचं तोंड मात्र घरात सहसा उघडत नसे.

"तुला हे टीव्हीचं खूळ कधी लागलं?"

"मला नाही लागलं," ती म्हणाली. "लावायचंय."

प्रार्थना सुरू झाली की संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा त्या घरचा नियम. घरच्यांना आणि गल्लीतून येणाऱ्या मंडळींना सारखाच. आबा ऐन तारुण्यात वडिलांच्या जागी बसले, त्यानंतर त्यांची एक संध्याकाळ चुकली नव्हती. गल्ली म्हणे, यांना देवानं बोलावलं तरी सांगतील, प्रार्थना संपवून येतो.

गेल्या वर्षी ऐन प्रार्थनेत फोन वाजत राहिला. सुनेचे वडील दवाखान्यात होते. ती अर्धी उठली. आबांनी डोळे न उघडता "बस" म्हटलं आणि ती बसली. प्रार्थना संपेपर्यंत फोन थांबला होता. वडीलही.

आबा तिच्या माहेरी समाचाराला आले आणि चारचौघांत तिच्या निष्ठेचं कौतुक करून गेले. ते कौतुक तिला मरणापेक्षा जास्त झोंबलं. तेव्हाच तिनं ठरवलं. याच माणसाला, याच मंडळींसमोर, प्रार्थना अर्धी टाकून उठवायचं. बाकी काही नको.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायची. पडदा तिनं तिथल्याच उरलेल्या निळ्या कापडाचा शिवला. टीव्हीसुद्धा हजेरीला उभा असल्यासारखा दिसू लागला.

मालिकाही तिनंच निवडली. एका बेकरीवाल्याचं भलं कुटुंब. त्यातले नवरा-बायको एकमेकांशी पत्ता विचारल्यासारखे बोलत. वावगं औषधालाही नव्हतं. फक्त प्रत्येक भाग अशा जागी संपे, की घास घशाखाली उतरू नये.

सुरुवातीला आबा ऊठसूट दोरी ओढत. एकदा बेकरीवाल्याच्या मेव्हणीनं केस मोकळे सोडले. पडदा बंद.

"पुढे काय झालं?" मुलं ओरडली.

"थांबा, बघून सांगतो," म्हणत आबांनी पडद्याआड डोकं घातलं, ते बराच वेळ बाहेर आलं नाही.

पुढे पुढे दोरी नुसतीच मनगटाला गुंडाळलेली राहू लागली. प्रार्थना आटोपशीर झाली, मग घाईची.

"आबांची वाणी काय चपळ झालीय हो हल्ली!" मंडळीतले निवृत्त पोस्टमन म्हणाले.

"साधना आहे," सून म्हणाली.

टीव्हीलाही वळण लावणारी बाई म्हणून गल्लीत तिचं नाव झालं. बायका पडद्याचं माप मागायला येऊ लागल्या. ती माप देई आणि वर प्रार्थनेचं महत्त्वही सांगे. सूड उगवायचा तर आधी चांगुलपणाची नांगरट करावी लागते.

मग मालिकेची वेळ अलीकडे आली, नेमकी प्रार्थनेत. त्या दिवशी सुनेनं आबांना पाणी दिलं आणि जाता जाता सांगितलं, "बेकरीवाल्याची हरवलेली बहीण आज परत येणार म्हणे. पण जाऊ दे, आपल्या ऐन प्रार्थनेत लागणार. देवापुढे काय तो टीव्ही!"

"खरंय," आबा म्हणाले. पाण्याचा मात्र त्यांना ठसका लागला.

संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पडदेवाल्या बायांना तिनं मुद्दाम नवऱ्यांसकट बोलावलं होतं. प्रार्थना सुरू झाली. अर्ध्यावर आबा थांबले. त्यांनी डोळे उघडले, गुडघ्यांवर हात टेकले आणि ते उठले.

"अगंबाई!" धाकटी म्हणाली.

सुनेनं मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. 'बघा बाबा, उठवला,' ती मनातल्या मनात वडिलांना म्हणाली.

"मंडळी, माझं मन आता टीव्हीकडे धावतं," आबा म्हणाले. "अशानं या आसनावर बसू नये. तेव्हा रीतीप्रमाणे मी पुढचं नाव घेतो."

रीत सगळ्यांना ठाऊक होती. ज्याचं नाव निघेल त्यानं नाही म्हणायचं नाही, आणि हातपाय चालताहेत तोवर एकही संध्याकाळ चुकवायची नाही.

आबांनी थोरल्या सुनेकडे बोट केलं. "बाप जात होता तरी जी जागची हलली नाही, ती."

पडदेवाल्या बायांनी सगळ्यांआधी माना डोलावल्या. "योग्य माणूस!" पोस्टमन म्हणाले. नवऱ्यानं कधी नव्हे ते तोंड उघडलं. "बस ना आता. लोक खोळंबलेत."

ती बसली. आसन अजून उबदार होतं. आबा तिच्या पाठीशी उशी सारायला वाकले.

"सुरुवातीला जड जातं," ते तिच्या कानाशी पुटपुटले. "मलाही गेलं. मी माझ्या वडिलांना रेडिओ आणून दिला होता."