राजसीची फिरती

"हळू बोला साहेब, पोर आत्ताच निजलीय," बनूबाईने दारातूनच दटावलं. तिच्या खांद्यावर नऊ महिन्यांची राजसी होती, आणि ती खरोखरच गाढ झोपली होती.

"नात का?" गुरुदत्त साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं.

"तर! मग कोणाची?"

साहेब बांधकाम खात्याचे. दर महिन्याच्या शेवटी कचेरीची गाडी कॅम्प तीनमधल्या या गल्लीत यायची. साहेबांच्या मागे घण घेऊन किसन. कुणी ओटा झाकून खोली केलेली, कुणी मोरी दोन फूट पुढे सरकवलेली. जे वाढीव असेल त्यावर घण. पण साहेबांचा एक नेम होता. झोपलेल्या बाळाच्या उशाशी ते घण चालवू देत नसत. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. हा नेम गल्लीला पहिल्यांदा कळला तो स्वप्नालीच्या घरी. त्या दिवशी तिची राजसी आपल्याच पाळण्यात झोपली होती. पुढच्या महिन्यापासून ती बनूबाईकडे आणि मायाकडेही झोपू लागली. गल्लीत बाळ एकच, वाढीव भिंती तीन.

साहेब बनूबाईच्या दारातून वळले की राजसी मागच्या दाराने, गटारावरच्या फरशीवरून मायाच्या घरी. तिथून वळले की शेवटी आपल्या आईकडे. मधे हाक नाही, खाकरणं नाही. नुसता मोबाइलचा मिसकॉल.

स्वप्नालीला भिंत जाण्याची धास्ती उगाच नव्हती. समोरच्या जीन्सच्या कारखान्यातून दिवसभर कापडाचं निळं तूस उडायचं. ओटा उघडा होता तेव्हा राजसीच्या नाकपुड्या निळ्या व्हायच्या, छाती घरघरायची. मग नवऱ्याने, धम्मदीपने, अंबरनाथच्या कंपनीत ओव्हरटाइम करून विटा आणल्या आणि सुट्टीच्या दिवशी बायकोला चुना-सिमेंटातलं ज्ञान शिकवत स्वतःच भिंत चढवली. ओळंबा जरा चुकला. भिंत थोडी पोट सुटल्यासारखी दिसते. पण तिच्या आड लेकीचा श्वास कसा स्वच्छ चालतो, ते ऐकत स्वप्नाली दुपारी नुसती बसून राहायची.

आजही मिसकॉल आला. पाठोपाठ मागच्या दारात माया, हात रिकामे.

"अगं, साहेब वळले आणि ती उठली! डोळे टक्क उघडे, माझ्याकडे बघून हसतेय. आता काय करू?"

"तुझ्याकडेच ठेव. खेळव कायतरी!"

स्वप्नालीने पाळण्यातली उशी उचलली, दुपट्यात गुंडाळली, वर टोपरं चढवलं आणि खांद्यावर टाकून थोपटायला लागली. तेवढ्यात पुढच्या दारात साहेब.

"झोपलंय?"

"हो ना. आत्ताच."

"महिन्याभरात डोकं बरंच चौकोनी झालंय," साहेब गंभीरपणे म्हणाले.

"माझ्या सासऱ्यांवर गेलीय."

किसनने घण या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि तोंड फिरवलं. नेमका तेव्हाच शेजारून राजसीने सूर लावला.

"शेजारी कोण रडतंय?"

"मायाचं बाळ."

"त्याला तर आत्ताच झोपलेलं बघून आलो."

"उठलं असेल, साहेब. बाळांचा काय भरवसा?"

स्वप्नाली जोरजोरात उशी थोपटू लागली. पलीकडे रडणं चढत गेलं. आधी ते भुकेचं होतं. मायाने खुळखुळा वाजवला तेव्हा रागाचं झालं. आणि मग तो एक हुंदका आला, जो फक्त 'आई कुठंय?' एवढंच विचारतो. स्वप्नालीला पान्हा फुटला. ज्या लेकीसाठी भिंत उभारली, तिलाच भिंतीपायी रडवून आपण इथे उशी जोजवतोय.

"मरू दे ती भिंत!" ती म्हणाली. उशी किसनच्या हातात कोंबली आणि मागच्या दाराने धावत सुटली.

परत आली तेव्हा राजसी कडेवर होती, गालांवर अजून ओघळ. मागे बनूबाई आणि माया, माना खाली घालून.

"हिलाच फिरवत होतो आम्ही सगळ्या," स्वप्नाली म्हणाली. "आता जागी आहे ती. तोडा, साहेब."

साहेबांनी राजसीकडे पाहिलं. नवा माणूस दिसला की गल्ली डोक्यावर घेणारी ती पोर दोन दात दाखवून हसली आणि थेट त्यांच्याकडे झेपावली.

बनूबाई चाटच पडली. "अगंबाई! साहेबांना वळखते ही?"

"दर महिन्याला तीन-तीनदा भेटतो आम्ही, कधीकधी ही एक डोळा उघडून बघून घेते. न ओळखून सांगते कुणाला?" साहेब म्हणाले. "आणि बनूबाई, मागच्या खेपेला तुम्हाला फरशीवर उशीर झाला, तेव्हा मी मायाबाईंच्या दाराबाहेर बुटाची नाडी बांधत बसलो होतो. पायात चपला होत्या."

किसनने उशी अलगद पाळण्यात ठेवली आणि घण सावरला.

"मग घालू का, साहेब? बाळ तर जागं आहे."

"थांब जरा."

साहेबांनी राजसीला खांद्यावर घेतलं. त्या पोट सुटलेल्या भिंतीच्या कडेकडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत ते संथ येरझारा घालू लागले. हात पाठीवर, घशात कसलंसं गुणगुणणं, ज्याला ना शब्द ना चाल. समोरच्या कारखान्यातली शिलाईची यंत्रं खडखडत होती. इकडे चार मोठी माणसं पुतळ्यासारखी उभी. राजसीने एकदा मान उचलून भिंत पाहिली, एकदा साहेबांचा कान ओढला आणि हळूहळू मान टाकली. साहेबांच्या कॉलरवर लाळेचा ओला डाग पसरत गेला.

"किसन, लिही," ते कुजबुजले. "पाहणीच्या वेळी मूल झोपलेले आढळले."

किसनने घण भिंतीला टेकवला आणि खिशातलं पेन काढलं.

"आणि हळू लिही."