तेवीस मनगटे

१४ मार्च २०६१, सकाळी ११ वाजून ७ मिनिटे. जालना जिल्ह्यातील तेवीस पालकांच्या हातांना एकाच क्षणी कंप सुटला. सर्वांच्या मनगटांवर मधुमेही मुलांच्या पालक मंडळाचा पट्टा होता. मंडळातील कोणत्याही मुलाची साखर घसरली, की हा पट्टा त्या मुलाची थरथर पालकांच्या अंगात उतरवी. सर्वांत जवळ असलेल्याला सर्वांत जोरात. पट्ट्यावर अक्षरे उमटली : शाल्मली, साखर ४१.

त्या पालकांपैकी वेल्डर हमीद तांबोळी शाल्मलीच्या परीक्षाकेंद्रासमोरच काम करीत होता. हातोड्याने खिडकीची काच फोडून तो आत घुसला. दहा वर्षांची शाल्मली फरशीवर लाथा झाडत होती आणि पहारेकरी कदमने तिच्या पाठीत गुडघा रोवला होता.

"खाऊ घेऊन बसली होती पेपरला! काढून घेतला, तर चावली मला."

"अरे, औषध आहे ते तिचं! दे आधी!"

कदमची काठी हमीदच्या कपाळावर बसली. रक्त डोळ्यांत उतरले. हमीदने कदमचा हात पिरगाळला आणि स्वतःचा पट्टा काढून त्याच्या मनगटावर आवळला. कदमला दरदरून घाम फुटला. तो भिंतीशी कोसळला.

"काय होतंय हे मला?"

"तुला नाही, तिला होतंय."

कदमने थरथरत्या हाताने ग्लुकोजच्या गोळ्या पुढे केल्या. शाल्मलीने चार चावून खाल्ल्या.

परतूरला तिच्या आईचा हात फोन येण्याआधीच स्थिर झाला. त्याच क्षणी कदमचाही.

११ वाजून २६ मिनिटे. साखर ८४.