मेघनाची हजेरी

गणितात मागे पडलेल्यांच्या जादा तासाला लोहकरे मॅडम हजेरी घेत होत्या. मेघनाचं नाव आलं, तशी तिच्याच गावच्या करिश्माने आवाज बदलून ‘हजर’ म्हटलं.

मॅडमनी पेन थांबवलं. “मेघना का येत नाही गं?”

“सगळे याला नापासांचा वर्ग म्हणतात, मॅडम. तिला लाज वाटते. कॉलेज सोडते म्हणतेय.”

मॅडमनी हजेरी खोडली नाही. “तिची हजेरी तू दिलीस, आता तिचा तासही तूच घे. आज शिकशील ते उद्या एसटीत तिला शिकव.”

पुढच्या वर्षी मॅडमच्या मदतीला दोघी होत्या. करिश्माने हजेरी घेतली, तर एकाच मुलीने दोन नावांना ‘हजर’ म्हटलं.

फळा पुसता पुसता मेघना वळली. “दुसरी कुठे राहते?” तिने विचारलं. “मी जाते तिच्या घरी.”